कॉलबॅक संपला का? कर्नल ड्रायव्हरमधल्या लॉकिंगची पार्श्वभूमी

डिव्हाइस ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण चालवणारा, ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातला (कर्नलमधला) कोड. तो वाचायला घेतला की एक गोष्ट लवकर लक्षात येते. त्यातलं जवळपास काहीच ड्रायव्हर आपणहून चालवत नाही. कुणा प्रोग्रॅमने सिस्टम कॉल करून कर्नलकडे काम मागितलं की रीड किंवा आयऑक्टलचं (उपकरणाला खास आज्ञा देण्याचं) फंक्शन चालतं, हार्डवेअरने इंटरप्ट, म्हणजे लक्ष वेधणारी हाक, दिला की हँडलर चालतो, वेळ भरली की टायमरचं फंक्शन आणि उपकरण उपटलं की रिमूव्हचं. कर्नलकडे नोंदवून ठेवलेली ही फंक्शन्स, म्हणजे कॉलबॅक, हाच ड्रायव्हरचा मुख्य ऐवज. ती कधी आणि प्रोसेसरच्या कोणत्या कोरवर चालणार, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

त्यामुळे ड्रायव्हरमध्ये लॉकचा, म्हणजे एकाने धरला की बाकीच्यांना थांबवणाऱ्या कुलपाचा, प्रश्न दुहेरी होतो. सामायिक डेटाला एका वेळी एकानेच हात लावावा, हा पहिला. आणि आपण रद्द केलेला कॉलबॅक खरोखर थांबला आहे की या क्षणी दुसऱ्या कोरवर अर्ध्यात आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर पाठ्यपुस्तकांत पानंच्या पानं आहेत. दुसऱ्याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. माझ्या मते ड्रायव्हरमधले सगळ्यात चिवट बग याच दुसऱ्या प्रश्नातून येतात, म्हणून इथे भर त्याच्यावर आहे.

परस्पर-वर्जनाचा, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडण्याचा, प्रश्न संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये नेमकेपणाने मांडला आणि त्याच सुमारास सेमाफोरची (आत किती जण येऊ शकतात हे मोजणाऱ्या खुणेची) कल्पनाही दिली. सिद्धांत तेव्हाच उभा होता, पण सुरुवातीच्या युनिक्सच्या कर्नलला त्याची फारशी गरज पडली नाही. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीचं युनिक्स पीडीपी-११ या संगणकाच्या एकाच प्रोसेसरवर चालायचं. कर्नलमध्ये शिरलेली प्रोसेस आपणहून झोपेपर्यंत (कशाची तरी वाट पाहत थांबेपर्यंत) दुसरी प्रोसेस आत येत नसे. मध्ये घुसू शकणारा एकच पाहुणा म्हणजे इंटरप्ट. पीडीपी-११ च्या प्रोसेसरला ० ते ७ अशा अग्रक्रमाच्या पातळ्या होत्या. नाजूक ओळींपुरती पातळी वर चढवायची, काम झालं की खाली आणायची, एवढंच लॉकिंग. एसपीएल५, एसपीएल६ अशी त्या फंक्शन्सची नावं होती.

कॉलबॅकही तेव्हापासूनच आहेत. त्या कर्नलमध्ये टाइमआउट नावाचं फंक्शन होतं. त्याला फंक्शनचा पत्ता, एक आर्ग्युमेंट आणि किती टिकनंतर (घड्याळाच्या ठोक्यांनंतर) हाक मारायची ते द्यायचं. नोंदी एका तक्त्यात बसत आणि घड्याळाचा इंटरप्ट त्यांना वेळेवर हाक मारी. आता यातली सोय पाहा. एकाच प्रोसेसरवर मी प्रोसेसच्या बाजूने चालतो आहे आणि घड्याळाचा इंटरप्ट रोखलेला आहे, तर टायमरचं फंक्शन अर्ध्यात असूच शकत नाही. ते एक तर चालून संपलेलं असतं, नाही तर सुरूच झालेलं नसतं. तक्त्यातून नोंद काढली की विषय मिटला. ‘रद्द केला’ आणि ‘संपला’ यांत काही अंतरच नव्हतं.

हे अंतर पडलं ते दुसरा प्रोसेसर आल्यावर. आपल्या कोरवर इंटरप्ट बंद करून शेजारच्या कोरवर काही परिणाम होत नाही. जुन्या कोडमध्ये ठिकठिकाणी गृहीत धरलेली शांतता अशी एका फटक्यात नाहीशी होते. यावर बहुतेक कर्नलांनी आधी सर्वात सोपा मार्ग धरला, तो म्हणजे अख्ख्या कर्नलला एकच लॉक. जून १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये बिग कर्नल लॉक आला. युनिक्सच्या वंशातल्या फ्रीबीएसडीमध्ये अशा लॉकचं नावच जायंट. जायंटचे तुकडे करण्याचं मोठं काम २००० मध्ये सुरू झालं आणि त्याचं पहिलं फळ जानेवारी २००३ च्या ५.० आवृत्तीत दिसलं.

लिनक्सच्या त्या मोठ्या लॉकचा एक गुण विसरता कामा नये. तो हातात असताना प्रोसेस झोपली तर कर्नल तो आपोआप सोडायचं आणि ती जागी झाल्यावर परत घ्यायचं. म्हणजे लॉक घेतला आहे असं कोडला वाटत असताना मध्ये एखादी झोप आली की संरक्षण गुपचूप उठलेलं असे. शिवाय तो कोणत्या डेटाचं रक्षण करतो हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो कोडभोवतीचा लॉक होता, डेटाभोवतीचा नव्हे. म्हणूनच तो काढणं इतकं जड गेलं. ड्रायव्हरचा आयऑक्टल कॉलबॅक कर्नल हा लॉक घेऊनच बोलवायचं. २००५ च्या २.६.११ मध्ये ‘अनलॉक्ड आयऑक्टल’ ही वेगळी जागा दिली गेली. ज्या ड्रायव्हरला स्वतःचा लॉक सांभाळता येतो त्याने तिथे नोंद करायची. मग एकेक ड्रायव्हर तपासत पुढे सरकायचं. जुनी जागा २.६.३६ मध्ये गेली आणि मोठा लॉक मे २०११ च्या २.६.३९ मध्ये. जुन्या ड्रायव्हरांना अमुक कॉलबॅक अमुक लॉकखाली येईल असं एक अलिखित वचन मिळालेलं होतं. ते सन्मानाने मागे घ्यायला १५ वर्षं लागली.

विंडोज एनटीची वाट वेगळी होती. १९९३ मध्ये आलेली ही प्रणाली पहिल्यापासून अनेक प्रोसेसर धरूनच आखलेली होती. डेव्ह कटलर यांच्या गटाने व्हीएमएस या आधीच्या प्रणालीच्या अनुभवातून आणलेल्या अग्रक्रम पातळ्या तिथे स्पिनलॉकशी, म्हणजे मिळेपर्यंत जागेवरच फिरत ठेवणाऱ्या लॉकशी, बांधल्या गेल्या. स्पिनलॉक घेतला की पातळी चढते आणि त्या पातळीवर झोपायला मनाई. पण कॉलबॅकचा पेच तिथेही सुटला नाही, उलट विनंती रद्द करण्याच्या जागी तो फार स्पष्ट दिसला. ड्रायव्हरकडे प्रलंबित असलेल्या प्रत्येक विनंतीला एक कॅन्सल रूटीन जोडता येतं. सुरुवातीची रचना अशी की सगळ्या सिस्टमला मिळून एकच कॅन्सल स्पिनलॉक. विनंती रद्द करणारा तो घेऊन ड्रायव्हरचं रूटीन बोलवायचा आणि तो सोडायची जबाबदारी मात्र रूटीनची. लॉक घेणारा एक, सोडणारा दुसरा. शिवाय विनंती पूर्ण होणं आणि रद्द होणं एकाच क्षणी घडलं तर एकच विनंती दोनदा संपवली जाण्याचा धोका.

यावरचा उपाय मला फार सुबक वाटतो. कॅन्सल रूटीनचा पॉइंटर एका अखंड (मध्ये कुणाला शिरू न देणाऱ्या) सूचनेने काढून घ्यायचा आणि आधी तिथे काय होतं ते पाहायचं. पॉइंटर हाती आला तर विनंती आपली. रिकामं आलं तर रद्द करणाऱ्याने बाजी मारली, तेव्हा आपण विनंतीला हात लावायचा नाही. मालकी कुणाची, हे लॉकने न ठरवता त्या एका अदलाबदलीने ठरतं. पण हे प्रत्येकाने हाताने बरोबर लिहिणं कठीण, म्हणून विंडोज एक्सपीच्या काळात ही पद्धत तयार रांगेच्या रूपात दिली गेली. पुढच्या ड्रायव्हर फ्रेमवर्कने आणखी एक पाऊल टाकलं. ड्रायव्हरने मागितल्यास फ्रेमवर्कच डिव्हाइसचा किंवा रांगेचा लॉक घेऊन मग त्याचे कॉलबॅक बोलवतं.

आता लिनक्समधलं एक उदाहरण जवळून पाहू, कारण सगळा पेच त्यात आहे. समजा, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आहे. त्यात एक स्पिनलॉक आहे आणि दर सेकंदाला चालणारा एक टायमर. टायमरचा कॉलबॅक लॉक घेतो, कार्डाचे काउंटर वाचतो, लॉक सोडतो. कार्ड काढलं जातं तेव्हा रिमूव्हचं फंक्शन तोच लॉक घेतं, ‘कार्ड गेलं’ अशी खूण करतं आणि लॉक हातात असतानाच ‘डेल टायमर सिंक’ (आताचं नाव ‘टायमर डिलीट सिंक’) बोलवतं. या फंक्शनचं वचन असं की कॉलबॅक कुठल्याही कोरवर चालत असेल तर तो संपेपर्यंत मी परत येणार नाही. नेमका त्या क्षणी दुसऱ्या कोरवर कॉलबॅक सुरू झालेला आहे आणि लॉकपाशी फिरत उभा आहे. रिमूव्ह कॉलबॅकसाठी थांबलंय, कॉलबॅक लॉकसाठी. दोन्ही कोर तिथेच गोठले. सुटी पाहिली तर प्रत्येक ओळ निर्दोष आहे. आणि हा योग जुळायची खिडकी इतकी अरुंद, की महिनोन्‌महिने चाचण्या पास होतात.

सिंक नसलेलं साधं ‘डेल टायमर’ (आता ‘टायमर डिलीट’) वापरलं तर गोठणं टळतं, पण ते चालू कॉलबॅकची वाट पाहत नाही. रिमूव्ह पुढे जाऊन मेमरी मोकळी करतं आणि कॉलबॅक त्या मेलेल्या मेमरीत हात घालतो. दोन्हींतला हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो तिथल्या तिथे कोसळत नाही. बरोबर क्रम असा: लॉकखाली खूण करायची, लॉक सोडायचा, मग वाट पाहायची. आणि इंटरप्ट हँडलरसारख्या दुसऱ्या कुठल्याही वाटेने टायमर पुन्हा लावला जाणार नाही याची आधी खात्री करायची.

बीएसडी कुटुंबाने याच पेचावर निराळी उत्तरं दिली. फ्रीबीएसडीमध्ये टायमर तयार करतानाच त्याला म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा लॉक, जोडता येतो. मग कर्नल तो म्यूटेक्स घेऊन, टायमर मध्येच रद्द झाला नाही ना हे पाहून मगच कॉलबॅक बोलवतं. त्यामुळे म्यूटेक्स हातात धरून टायमर थांबवला तर तो नक्की थांबतो. नेटबीएसडीच्या ‘कॉलआउट हॉल्ट’ला हातातला लॉक आर्ग्युमेंट म्हणून देता येतो. वाट पाहायची वेळ आली तर ते स्वतः तो सोडतं आणि नंतर परत घेतं. दोन्ही रचनांमागे एकच जाण आहे: कॉलबॅकची वाट पाहणं आणि लॉक घेणं या वेगळ्या गोष्टी नाहीत.

लिनक्समध्ये हीच जाण वेगळ्या दाराने आली. २००६ हे वर्ष तिथे महत्त्वाचं. २.६.१६ मध्ये इंगो मोल्नार यांचा म्यूटेक्स आला आणि २.६.१८ मध्ये मोल्नार आणि आर्यान व्हान डे व्हेन यांचा लॉकडेप, म्हणजे लॉकच्या वापरातल्या चुका शोधणारं साधन. लॉकडेप लॉकांचे वर्ग करतो आणि कोणता लॉक हातात असताना कोणता घेतला, याची नोंद ठेवतो. एका वाटेवर अ नंतर ब आणि दुसऱ्या वाटेवर ब नंतर अ दिसला की लगेच तक्रार करतो. प्रत्यक्ष डेडलॉक (असं एकमेकांसाठी गोठणं) घडावाच लागत नाही, दोन्ही वाटा वेगवेगळ्या वेळी एकदा चालल्या तरी पुरे. आपल्याच कोरवर टायमर आडवा आला तर अडकू शकेल असा लॉक टायमरला रोखल्याशिवाय घेतला, हेही लॉकडेप पकडतो.

पण वर सांगितलेला टायमरचा डेडलॉक त्याला सुरुवातीला दिसत नसे, कारण त्यात खरा लॉक एकच आहे. दुसरी बाजू म्हणजे नुसती वाट पाहणं. २००७ मध्ये योहानेस बेर्ग यांनी वर्कक्यूसाठी (नंतर करायच्या कामांच्या रांगेसाठी) आणि २००९ मध्ये टायमरसाठी युक्ती केली. कॉलबॅक चालत असताना कर्नलने एक खोटा लॉक धरला आहे असं लॉकडेपला सांगायचं, आणि वाट पाहणारं फंक्शन तोच खोटा लॉक घेऊन सोडतं असं दाखवायचं. लगेच रिमूव्हच्या वाटेवर ‘ड्रायव्हरचा लॉक, मग टायमर’ आणि कॉलबॅकच्या वाटेवर ‘टायमर, मग ड्रायव्हरचा लॉक’ असा उलटा क्रम उघडा पडतो. मेमरीत कुठेही लॉक नाही, फक्त हिशेबात आहे. ड्रायव्हरच्या इतिहासातली इतकी कमी ओळींची आणि इतकी उपयोगी कल्पना मला दुसरी आठवत नाही.

दरम्यान कॉलबॅकचे प्रकार वाढत गेले. जुने बॉटम हाफ, म्हणजे इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम करणारे कॉलबॅक, एका वेळी सगळ्या सिस्टममध्ये एकच चालायचे. त्याच कामासाठीचे २.४ मधले सॉफ्टआयआरक्यू अनेक कोरवर एकदम चालू लागले. त्यांच्यावर बांधलेल्या टास्कलेटने निदान स्वतःपुरती एका वेळी एकदाची हमी ठेवली. वर्कक्यूने कॉलबॅकला झोपायची मुभा दिली. २००२ मध्ये पॉल मॅकेनी यांचं आरसीयू (लॉक न घेता डेटा वाचू देणारी पद्धत) २.५ मालिकेत आलं. त्यात मेमरी मोकळी करणं हाच एक पुढे ढकललेला कॉलबॅक असतो. मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये घालता-काढता येणारा कोड) काढताना असे कॉलबॅक बाकी असतील, तर ज्या फंक्शनला हाक जायची त्याचा कोडच मेमरीतून गेलेला असतो. म्हणून मॉड्यूलने निघताना ‘आरसीयू बॅरियर’ने सगळे संपल्याची वाट पाहायची असते.

दोन कॉलबॅक एकमेकांना जागवत असतील तर क्रम लावूनही भागत नाही. लिनक्सच्या एका ब्लूटूथ ड्रायव्हरमध्ये टायमर वर्कक्यूत काम टाकायचा आणि ते काम टायमर पुन्हा लावायचं. आधी टायमर थांबवला तर काम त्याला परत लावतं. आधी वर्कक्यू मोडली तर टायमर मोडलेल्या रांगेत काम टाकतो. याला उत्तर म्हणून फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ मध्ये ‘टायमर शटडाउन सिंक’ आलं. ते चालू कॉलबॅकची वाट पाहतं आणि टायमरमधला फंक्शनचा पॉइंटरच पुसून टाकतं. त्यानंतर कुणी तो टायमर लावू पाहिला तर विनंती मुकाट्याने सोडून दिली जाते. सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये फुकट मिळणारी ‘आता हा पुन्हा चालणार नाही’ ही हमी लिनक्सच्या टायमरला अशी एका हाकेत मिळाली.

नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये प्रीएम्प्ट आरटी, म्हणजे कर्नलचं वेळेची हमी देणारं रिअल-टाइम रूप, एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर-प्रकारांसाठी मुख्य लिनक्समध्येच निवडता येऊ लागलं. त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो आणि टायमरचा कॉलबॅकही मध्येच अडवला जाऊ शकतो. उच्च अग्रक्रमाच्या थ्रेडने कॉलबॅक अडवला आणि तोच थ्रेड तो संपायची वाट पाहत फिरत राहिला, तर त्या कोरवर दोघांपैकी कुणीच पुढे जाणार नाही. म्हणून २०१९ पासूनच तिथे एक खरा लॉक ठेवलेला आहे. कॉलबॅक चालवणारा तो धरून बसतो आणि वाट पाहणारा त्याच्यावर अडतो. लॉकमधून वाट पाहणाऱ्याच्या उच्च अग्रक्रमाचा वारसा कॉलबॅककडे जातो आणि कॉलबॅक संपतो. लॉकडेपने हिशेबात धरलेला लॉक इथे मेमरीत उतरला आहे.