झाडाचा शेंडा म्हणजे जमीन नव्हे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे निघते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई घाट उतरून गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. पाऊस एकच, कुठला थेंब कुठल्या समुद्राला जाणार, हे जमिनीच्या उंचीतला जरासा फरक ठरवतो.

समुद्र नसलेल्या बेळगावातून किनाऱ्याचा अभ्यास करायचा कसा, असं मुलं विचारतात. माझ्या मते त्याचा पहिला धडा खानापूर तालुक्यातल्याच जांबोटीच्या रानात आहे.

फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर अवकाशयानानं ११ दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची रडारनं मोजली. ती माहिती आज फुकट मिळते. पण दाट रानात रडारच्या लहरी जमिनीपर्यंत नीट पोचत नाहीत, पानाफांद्यांवरूनच परततात. म्हणून नकाशात रानातली जमीन आहे त्याहून काही मीटर उंच दिसते. घाटात एवढी चूक खपून जाते. गोव्याच्या खाजन शेतात मात्र नाही. ती शेतं भरतीच्या पातळीशी किंवा तिच्याही खाली असतात, बांध आणि मानशीच्या (पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांच्या) आधारावर टिकून आहेत. तिथे खारफुटीचा शेंडा जमीन धरला, तर बुडणारं शेत कागदावर कोरडं राहतं. २०१९ च्या एका अभ्यासात ही चूक दुरुस्त केल्यावर, २०५० पर्यंत वार्षिक पुराच्या पातळीखाली येऊ शकणाऱ्या भागांत राहणाऱ्यांचा जगभरातला आकडा सुमारे ८ कोटींवरून ३० कोटींवर गेला!

किनाऱ्याच्या अभ्यासाच्या या वाटेला भूगोल, सिव्हिल किंवा कॉम्प्युटर शिकलेली मुलं येतात. पुढे एमएस्सी, नेट, पीएचडी. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर आपल्याला अगदी जवळची. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं.

सुरुवात घरापासूनच करावी. ऑगस्ट २०१९ च्या पुराची सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रं उघडावीत. हे रडार ढगांपलीकडचंही बघतं आणि त्यात साचलेलं पाणी काळं दिसतं. उभ्या उसात शिरलेलं पाणी मात्र सहजी दिसत नाही. ते कुठवर आलं होतं, हे नदीकाठच्या शेतकऱ्यालाच विचारायला हवं. तो घराच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. तिथून जमिनीपर्यंत टेप लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा.