दुखरा खांदा आणि बारा बोअरचा धक्का

नेमबाजीनं खांदा जातो, असं अनेकांना वाटतं. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारच्या रायफलीवर ब्राँझ मिळवलं, तिच्याबाबत ते खरं नाही. गोळी २.६ ग्रॅमची, रायफल ६ किलोची धरली तर मागे येणारी ऊर्जा जेमतेम ०.०७ ज्यूल.

बारा बोअरचं, म्हणजे छऱ्यांच्या बंदुकीचं, गणित वेगळं. २४ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगानं सुटले, की त्यांच्यामागचं बूच आणि दारूचा वायू धरून साडेतीन किलोची बंदूक सेकंदाला सव्वातीन मीटरनं उलटी येते. सुमारे १९ ज्यूल. ट्रॅपच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या तबकड्या फोडण्याच्या खेळाच्या, एका फेरीत २५ तबकड्यांवर ५० पर्यंत काडतुसं उडू शकतात.

छर्रे, बूच आणि वायू यांचा पुढचा संवेग तेवढाच मागे येणार; त्यात सूट नाही. आपल्या हातात असतं ते थांबण्याचं अंतर. तालमीत हौद्याची माती खोऱ्यानं उकरून भुसभुशीत का करतात? पडणारा पैलवान दोन बोटं आत रुतून थांबावा म्हणून. तसंच इथंही: १९ ज्यूल १ सेंटिमीटरमध्ये थांबवले तर सरासरी बल १९०० न्यूटन, म्हणजे खांद्यावर क्षणभर १९० किलोंचा भार. २ सेंटिमीटर मिळाले, की निम्मा. दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या, टोकाला लावलेल्या रबरी पॅडचं सगळं काम एवढंच.

पण पॅड फार मऊ असला तर पूर्ण दबतो आणि मागचं लाकूड थेट हाडावर येतं. अडीच सेंटिमीटरचा पॅड लावताना दस्ता तेवढाच कापावा. नाहीतर बंदूक लांब होते, दस्ता खांद्याच्या खळगीतून दंडावर सरकतो. दस्ता आणि खांद्यात फट ठेवणं सगळ्यात वाईट, कारण बंदूक आधी वेग घेते आणि मग आदळते.

पॅडच्याही आधी काडतूस बदला. ३२ ग्रॅमऐवजी २४ घेतलं तर ऊर्जा ३१ वरून १९ ज्यूलवर येते. २१ ग्रॅमला १५. मात्र वायूवर चालणारी, पुढचं काडतूस आपोआप भरणारी सेमी-ऑटोमॅटिक इतक्या हलक्या काडतुसावर कधीकधी अडकते. एरवी ती धक्का जास्त वेळात पसरवते, म्हणून दुखऱ्या खांद्याला बरी.

दस्त्यात अर्धा किलो शिसं भरलं तर १९ चे साधारण १६ होतात. पण हात वर उचलतानाच दुखत असेल, तर हे वजन उलट त्रास देतं. नळीला भोकं पाडून धक्का निम्मा होतो ही निव्वळ जाहिरात. भोकांतून निसटतो तो फक्त वायू, आणि एकूण संवेगात त्याचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास. भोकांनी तोंड कमी उसळतं, एवढंच. आणि ‘मार खाऊन खांदा तयार होतो’ हे तर साफ चूक. फाटलेला स्नायुबंध धक्क्यांनी सांधत नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना विचारा.

एका वेळी एकच बदल करा, दहा काडतुसं उडवा आणि शर्ट काढून लाली बघा. दंडावर असेल तर दस्ता लांब आहे. खाली छातीकडे एकाच टोकाशी असेल तर दस्त्याच्या मागच्या कापाचा कोन चुकलाय.