आपणच टाकलेल्या पोस्टला कायद्याचं संरक्षण का नाही?

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळून ‘डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा’ झाला. त्याच्या तिसऱ्याच कलमात दोन सवलती आहेत आणि सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकाने त्या वाचायला हव्यात. एक, जी माहिती आपण स्वतःच जाहीर केली, तिला हा कायदा लागू नाही. उदाहरणही कायद्यातच दिलं आहे: एखादी व्यक्ती आपली मतं लिहिताना स्वतःची वैयक्तिक माहिती समाजमाध्यमावर उघड करते, तेव्हा या कायद्याच्या तरतुदी लागू होत नाहीत. दोन, कुणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल, तर तीही कायद्याबाहेर. म्हणजे काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला पुतण्याचा दवाखान्यातला फोटोही बाहेरच.

हे असं का झालं, याचं उत्तर मागच्या सत्तर वर्षांत आहे. आपल्याकडे खासगीपणाची लढाई आधी सरकारशी झाली, मग कंपन्यांशी. घरातूनच बाहेर जाणाऱ्या माहितीचा प्रश्न त्या लढाईत जवळजवळ आलाच नाही.

तसं पाहिलं तर उघड्यावर लिहायची सवय आपल्याला जुनीच. १८७९ मध्ये हिंदुस्थानात पोस्टकार्ड आलं. कार्ड पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं. म्हणून मुलीच्या सासरची कुरबूर, पैशांची अडचण कार्डावर यायची नाही. तिथे ‘सविस्तर समक्ष भेटीत’ एवढंच यायचं. पुढे फोन आले तेव्हा शेजाऱ्याचा नंबर ‘पी.पी.’ म्हणून दिला जायचा आणि बोलणारा माणूस त्या घरातल्या चार जणांसमोर बोलतोय याचं भान ठेवून बोलायचा. आपल्या माणसांना खासगीपणाची कदर नव्हती, असं म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. कोण ऐकतंय हे कळत होतं, तोवर काय बोलायचं हेही कळत होतं.

न्यायालयात मात्र विषय पोहोचला तो पोलिसांमुळे. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात प्रश्न झडती-जप्तीचा होता. आठ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाचा हक्क घटनेत वाचायला नकार दिला. मग उत्तर प्रदेशातल्या खडक सिंग यांचा खटला आला. दरोड्याच्या गुन्ह्यात पुरावा नाही म्हणून ते सुटले होते, तरी पोलिस रात्री-अपरात्री दार ठोठावून ते घरात आहेत का हे पाहत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या फेऱ्या रद्द केल्या, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही असंही बहुमताने सांगितलं. न्या. सुब्बा राव यांनी वेगळं मत नोंदवलं. १९९४ च्या राजगोपाल निकालात ‘आपल्याला आपल्यापुरतं राहू देण्याचा’ हक्क मान्य झाला आणि त्याच निकालात एक अपवादही आला: जो स्वतःहून वादात उतरतो, त्याची गोष्ट वेगळी. आजच्या कायद्यातल्या सवलतीशी याचं नातं मला तरी स्पष्ट दिसतं.

दहा वर्षांनी, जानेवारी २००४ मध्ये ऑर्कुट हे गूगलचं समाजमाध्यम आलं. भारत आणि ब्राझीलमध्ये ते जितकं चाललं तितकं क्वचितच कुठे चाललं असेल. स्क्रॅपबुकात, म्हणजे तिथल्या निरोपांच्या वहीत, एकाने दुसऱ्याला लिहिलेलं तिसऱ्याला वाचता यायचं. शाळा-कॉलेजच्या कम्युनिटीत वर्ग, तुकडी, गाव सगळं लिहिलेलं. पण तिथे निदान कुणीतरी मुद्दाम येऊन पाहावं लागायचं. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड सुरू केली आणि हे गणित उलटलं: आता तुमची हालचाल स्वतःच इतरांच्या पडद्यावर जाऊ लागली. विद्यार्थ्यांनी जोरदार विरोध केला, कंपनीने माफी मागून काही नियंत्रणं दिली, फीड मात्र राहिली. डिसेंबर २००९ मध्ये सेटिंग बदलून आधी झाकलेली काही माहिती, मित्रांच्या यादीसह, उघडी झाली. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने, आरोप ठेवले आणि २०११ मध्ये तडजोड झाली. भारतात मोठी लाट आली ती याच सुमारास आणि नंतर, म्हणजे उघडं ठेवणं हाच रिवाज झाल्यावर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर तर तालुक्याच्या गावातही व्हिडिओ टाकणं परवडू लागलं.

यात किती बारीक गोष्टी निसटतात, त्याचं एक उदाहरण आपल्याच घरातलं. दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहायला राज्य मंडळ सीट नंबर आणि आईचं नाव मागतं. बँका ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनाव विचारत आल्या. आणि आपल्याकडच्या असंख्य बायकांनी फेसबुकवर सासरच्या आडनावाला माहेरचं जोडलं, का, तर शाळेतल्या मैत्रिणींना सापडावं म्हणून. हेतू किती साधा! मुलगा आईला टॅग करतो, वाढदिवसाला पूर्ण तारीख येते, आणि जे गुपित धरून यंत्रणा उभी आहे ते एका प्रोफाइलवर वाचता येतं. त्या बाईला दोष द्यायचं मला कारण दिसत नाही. गुपित म्हणून असली माहिती निवडणाऱ्या संस्थांनी पद्धत वेळेत बदलायला हवी होती.

२०१२ मध्ये पालघरने दुसरी बाजू दाखवली. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, एका तरुणीने मुंबई बंद राहण्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या लाइक केल्या. जमावाने पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि दोघींना अटक झाली. त्यातून उभा राहिलेला खटला मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द होण्यापर्यंत गेला. मोठा विजय होता तो, पण बोलण्याच्या स्वातंत्र्याचा. भिंतीवर लिहिलेलं गावभर किती वेगाने जातं आणि त्याची झळ घरच्यांना कशी बसते, हा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच.

खासगीपणाचा मुख्य निकाल २४ ऑगस्ट २०१७ ला आला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारला आव्हान दिलं होतं. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पीठात नागपूरचे न्या. शरद बोबडे होते, न्या. धनंजय चंद्रचूडही होते. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असं सांगणारा जबलपूर निकाल, ज्याच्या बहुमतात धनंजय यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते, तो याच निकालाने पुसला गेला. माणूस सार्वजनिक ठिकाणी आहे एवढ्यावरून त्याचा खासगीपणा संपत नाही, असं या निकालात म्हटलं आहे. न्या. संजय किशन कौल यांनी तर मुलांबद्दल थेट लिहिलं: मुलं समाजमाध्यमांवर कायमच्या खुणा सोडत आहेत, आणि बालपणीच्या चुकांचं ओझं त्यांच्यावर आयुष्यभर असू नये.

हा विचार कायद्यात पूर्ण उतरला नाही. डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा सुचवायला नेमलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्याच वर्षी केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण फुटलं होतं: फेसबुकवरच्या एका प्रश्नमंजुषेच्या अ‍ॅपमधून लोकांची आणि त्यांच्या मित्रांचीही माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. भारतातल्या सुमारे ५.६२ लाख लोकांची माहिती गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी ते अ‍ॅप उघडलंही नव्हतं, मित्राने उघडलं होतं. साहजिकच मसुद्यांचा रोख कंपन्यांवर राहिला. २०१९ चं विधेयक २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं, नंतर आजचा कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली.

१८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला कंपनीने पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, असं या कायद्यात आहे. पालकच फोटो टाकत असतील तर काय, यावर तो काही म्हणत नाही. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या प्रतिमेच्या हक्काचा कायदा केला. मुलाचे फोटो टाकण्यावरून आई-वडिलांत वाद असेल तर न्यायाधीश एकाला मनाई करू शकतो. आपल्याकडे २००९-१० च्या सुमारास ज्यांच्या बारशाचे अल्बम फेसबुकवर चढले, ती मुलं आता सज्ञान व्हायला आली आहेत. आपण दिलेली माहिती पुसून घ्यायचा हक्क त्यांना नव्या कायद्याने मिळेल. आई-वडिलांनी, काका-मावशीने टाकलेल्या फोटोंसाठी मात्र त्यांना अजून त्या नातेवाइकांनाच विनंती करावी लागणार आहे.