पीके-१५ आणि मार्क-१४५: दोन्ही किडनीच्याच, पण एक डुकराची आणि एक माकडाची

डुकरांच्या व्हायरसवर काम करायला नवीन आलेलं पोरगं पहिल्या महिन्यात हा घोळ घालतंच, मीपण घातलाय. लिक्विड नायट्रोजनच्या कॅनमधे शेजारी शेजारी दोन सेल लाईन (म्हणजे फ्लास्कमधे पिढ्यान् पिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, त्यांच्यावर व्हायरस वाढवायचा), पीके-१५ आणि मार्क-१४५, दोन्ही किडनीच्या, दोन्ही फ्लास्कच्या तळाला चिकटून फरशी बसवल्यासारखा थर धरतात, आणि दोन्ही वापरायच्या डुकरांच्या आजारांसाठी. मग माणूस म्हणतो की व्हायरस डुकराचा आहे ना, मग टाका डुकराच्या सेलवर. इथेच गाडी घसरते.

पीके-१५ खरंच डुकराची आहे, मूळ लाईन १९५५ च्या आसपासची, मोठ्या डुकराच्या किडनीतून काढलेली. क्लासिकल स्वाइन फीवर, पीसीव्ही-२ (डुकरांचा सर्कोव्हायरस), स्यूडोरेबीज या डुकरांच्या सगळ्या व्हायरसना ही चालते. आपल्याकडे आयव्हीआरआयने (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने) स्वाइन फीवरची सेल कल्चर लस केली ती पीके-१५ वरच, त्याआधी लशीचा व्हायरस सशांमधे वाढवायचा आणि त्यासाठी ससे मारायचे असा प्रकार होता.

मार्क-१४५ मात्र आफ्रिकन ग्रीन मंकीच्या किडनीची. एमए-१०४ नावाची जुनी माकडाची लाईन होती, तिच्यातून निवडून काढलेला हा क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेली शाखा) १९९३ मधे प्रसिद्ध झाला. आणि गंमत बघा, पीआरआरएस हा गाभडणं आणि श्वासाचा त्रास घडवणारा, डुकराशिवाय कुणाला न होणारा आजार, त्याचा व्हायरस डुकराच्या पीके-१५ वर वाढत नाही आणि माकडाच्या मार्क-१४५ वर मस्त वाढतो!

असं का, तर कुलूप-किल्लीचा मामला आहे. या व्हायरसला सेलच्या आत जाऊन उघडायला सीडी१६३ नावाचं प्रोटीन लागतं. जिवंत डुकरात ते असतं मॅक्रोफेजवर, म्हणजे फुप्फुसात कचरा गिळत फिरणाऱ्या पेशींवर, किडनीच्या पीके-१५ वर नसतं. मार्क-१४५ माकडाची असली तरी तिच्याकडे ते आहे. २००७ मधे दाखवलं गेलं की ज्या सेलवर व्हायरस वाढत नाही तिच्यात सीडी१६३ चा जीन घातला की ती सेल व्हायरसला घरात घेते, आणि पुढे पीके-१५ मधेसुद्धा हेच दिसलं. उलट बाजूने, ज्या डुकरांमधला हा जीन बिघडवला त्यांना पीआरआरएस होईना, आणि अशा डुकरांना अमेरिकेत २०२५ मधे एफडीएची (तिथल्या अन्न-औषध खात्याची) मान्यतापण मिळाली. म्हणजे प्राणी कुठला यापेक्षा सेलच्या अंगावर काय आहे ते बघायचं.

आता दुसरा फरक, आणि माझ्या मते खरा त्रास इथेच होतो. मार्क-१४५ वर पीआरआरएस लागला की दोन-चार दिवसांत डोळ्याला दिसतं, सेल गोल होतात, गठ्ठे करतात, मग तळ सोडून मीडियात (सेलना वाढवायच्या द्रवात) तरंगायला लागतात आणि मधे मधे मोकळी जागा पडते. पीके-१५ वर स्वाइन फीवरचा व्हायरस टाकला तर? काहीच नाही. चार दिवसांनी बघा, पाचव्या दिवशी बघा, थर तसाच शांत, जसा कंट्रोल, म्हणजे व्हायरस न टाकलेला फ्लास्क, तसाच हा. आमच्याकडे एका ज्युनियरने असाच फ्लास्क 'लागलं नाही' म्हणून ब्लीचमधे ओतायला घेतला होता, नशीब आधी एक कव्हरस्लिप (सेल वाढवलेली पातळ काच) व्हायरसला चिकटणाऱ्या चमकत्या अँटीबॉडीने रंगवलेली, फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली तिच्यावर सेलमागून सेल हिरवीगार, म्हणजे व्हायरस लागलेला.

आणि ही शांतता दोन अर्थांची असते हे लक्षात घ्या. समजा फार्मवरून सॅम्पल आलं, माद्या गाभडतायत, पिल्लं मरतायत, कान निळे पडलेत. ही लक्षणं स्वाइन फीवरमधेपण येतात आणि पीआरआरएसमधेपण. तुम्ही ते फक्त पीके-१५ वर टाकलं आणि सेल ढिम्म राहिली, तर व्हायरस गुपचूप वाढतोय की मुळात शिरलाच नाही हे नुसतं बघून कळणार नाही. भारतात पीआरआरएसचा पहिला उद्रेक २०१३ मधे मिझोरममधे सापडला, त्यानंतर तरी ईशान्येकडच्या सॅम्पलला दोन्ही सेल लावाव्यात आणि जोडीला पीसीआर करावाच.

पीके-१५ चं अजून एक लफडं आहे, ती स्वतःच पाहुणे पाळते. १९७४ मधे जर्मनीत संशोधकांना एका पीके-१५ कल्चरमधे बारीक गोल कण दिसले, तोच पुढे पीसीव्ही-१ निघाला, १७ नॅनोमीटरचा. तोसुद्धा सेलला काही करत नाही म्हणून कुणाला पत्ताच लागला नव्हता. त्यामुळे सर्कोव्हायरसवर काम असेल तर पीसीव्ही-१ मुक्त पीके-१५ आहे ना हे आधी तपासायचं, नाहीतर पाहुण्यालाच सॅम्पलचा व्हायरस समजाल.

मार्क-१४५ पण काही धुतल्या तांदळाची नाही. पीआरआरएसच्या व्हायरसचे काही स्ट्रेन (उपप्रकार) तिच्यावर धरतच नाहीत, तेव्हा गुमान डुकराच्या फुप्फुसातून धुवून काढलेल्या मॅक्रोफेजकडे जावं लागतं, आणि त्या पेशी फ्लास्कमधे वाढत नाहीत, संपल्या की परत नवीन पिल्लू, आणि दर पिल्लागणिक बॅच वेगळी.