टिपलेले बिबटे आणि असलेले बिबटे

कॅमेरा ट्रॅप म्हणजे काय, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारा कॅमेरा, हे आता कोकणातल्या बागायतदाराला सांगावं लागत नाही. पायांचे ठसे मोजून बिबटे गणायचे की नाही, हा वादही जुना झाला; सड्यावरच्या कातळात ठसा उमटतोच कुठे? घोटाळा होतो तो पुढे. 'सर्वेक्षणात 12 बिबटे टिपले' हे वाक्य गावात पोचेपर्यंत 'आपल्याकडे 12 बिबटे आहेत' असं होऊन जातं.

टिपलेले 12 म्हणजे ठिपक्यांवरून वेगवेगळे ओळखू आलेले. हा किमान आकडा. असलेले किती, हा अंदाज. त्यात कॅमेऱ्याला हुलकावणी दिलेलेही धरतात. समजा, 45 रात्रींत एखादा बिबट्या एकदा तरी टिपला जाण्याची शक्यता 0.75 निघाली, तर 12 भागिले 0.75, म्हणजे 16. ही शक्यता कळते ती तोच प्राणी पुन्हा किती वेळा आणि कुठे सापडला यावरून. 'हा तर तोच' म्हणून पुढचे फोटो पुसणारा माणूस सर्वेक्षणाचा जीवच घेतो. गेल्या वर्षी 20 ठिकाणी कॅमेरे आणि यंदा 40 असतील, तर टिपलेले वाढणारच; त्यावरून 'बिबटे वाढले' म्हणणं हा निव्वळ आळस. 2022 च्या देशव्यापी गणनेतले महाराष्ट्राचे 1,985 बिबटे हाही अंदाजच.

बरं, ते 16 जण कॅमेरे लावलेल्या क्षेत्राच्या चौकटीतच राहतात असंही नाही. नर शेजारच्या गावच्या देवराईत झोपतो आणि रात्री पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने इकडे येतो. टिपलेल्यांना नुसत्या चौकटीच्या क्षेत्रफळाने भागलं की घनता फुगते. म्हणून फोटो कुठे मिळाला तेही गणितात घेतात आणि उत्तर दर 100 चौरस किलोमीटरला, अधिक-उण्यासकट, म्हणजे अंदाज किती इकडे-तिकडे असू शकतो त्यासकट, देतात. अधिक-उणे नसलेला आकडा खुशाल बाजूला ठेवावा.

डाव्या आणि उजव्या कुशीचे ठिपके वेगळे असतात. म्हणून पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) किंवा गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) खिंडारापाशी दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरे बांधायचे. अगदी समोरासमोर नको, एकाचा फ्लॅश दुसऱ्याला दिपवतो. समोरचं गवत कापायचं, नाहीतर वाऱ्यावर हललेल्या पात्यांचेच फोटो. कॅमेरा एकच असेल तर एकच कूस मोजायची. दोन्हींची बेरीज केली की एकाचे दोन होतात. बॅटरी संपलेल्या रात्री हिशेबातून वजा करायच्या. आईमागची पिल्लं धरत नाहीत.

आणि काळा बिबट्या ही वेगळी जात नव्हे. इन्फ्रारेड फोटोत त्याचेही ठिपके दिसतात, तोही तसाच ओळखता येतो.