पार्श्वभूमी : कमरेचा सेन्सर नेमका कुठला तोल मोजतो?

मी फिजिओथेरपिस्ट. पहिल्याच भेटीत मी त्यांना विचारलं होतं, "काका, तोल जातो का?" सांगलीच्या हळद पेठेत तोलार म्हणून उभी हयात गेलेला माणूस. प्रश्न त्यांना आवडला नाही. "मॅडम, तोल आमचा कधी चुकला न्हाई. चक्कर येती तेवढी." खोली गरगर फिरते का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, उठल्यावर डोकं हलकं होतं का, असं एकेक विचारत गेले. एकालाही हो नाही. शेवटी त्यांनीच उठून दाखवलं. न्हाणीच्या दाराशी वळताना पाय फरशीला चिकटल्यासारखा होतो आणि अंग पुढं निघून जातं. याला मी तोल जाणं म्हणते. पण पेठेत तोल चुकला म्हणजे काटा मारला, आणि तो शब्द ते स्वतःला लावून घ्यायला तयार नव्हते.

पार्किन्सन (कंपवात), अटॅक्सिया (लहान मेंदू बिघडून चाल झोकांडणं) यांसारख्या आजारांत कमरेला सेन्सर बांधून तोलाचा व्यायाम करवून घेतात, त्याबद्दल आता सांगली-मिरजेतले पेशंट आणि त्यांची मुलंही विचारू लागली आहेत. त्या पद्धतीची पार्श्वभूमी लिहायची तर मला या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते, कारण शब्दाची चूक थेट औषधाच्या पिशवीपर्यंत पोचते. पेशंटनं चक्कर म्हटलं की चक्करेची गोळी मिळते. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन ही त्यासाठी सर्रास दिली जाणारी औषधं मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाच्या, कामात अडथळा आणतात. पार्किन्सन असलेल्याची लक्षणं त्यांनी वाढतात, नसलेल्यातही तशी लक्षणं उभी राहू शकतात. काकांच्या पिशवीत यातली एक पट्टी निघाली. मी ती त्यांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला लावली. अशी गोळी कुणी आपल्या मनानं बंद करू नये, पण दाखवायला मात्र उशीर करू नये.

जुना इतिहास थोडक्यात. कंपवात हे नाव आयुर्वेदाच्या परंपरेत आहे. लंडनच्या एका डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर जो निबंध लिहिला, त्यात पुढं झुकलेलं अंग आणि चालता चालता पळत सुटण्याची ओढ या दोन्ही गोष्टी आल्या आहेत. म्हणजे तोलाचा प्रश्न पहिल्या वर्णनापासून समोर होता. पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायची परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली. खाजकुयलीच्या बियांतून लेव्होडोपा वेगळा काढल्याचं भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि १९६० च्या दशकात तो पार्किन्सनवरचं औषध म्हणून उभा राहिला. ताठरपणा आणि मंदपणा त्यानं चांगलाच कमी होतो. तोल मात्र फारसा सुधारत नाही. गोळीनं चपळ झालेला माणूस उलट जास्त हिंडतो, आणि पडायच्या जागाही वाढतात. व्यायामाची गरज इथून सुरू होते.

१९६७ मध्ये पार्किन्सनच्या पाच पायऱ्या ठरल्या. तिसरी पायरी म्हणजे तोल बिघडायला लागणं. त्याच वर्षी आलेल्या एका ग्रंथात, जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर अडखळणारा पेशंट त्या ओलांडत नीट चालतो, हे निरीक्षण होतं. फरशीवर चिकटपट्टी लावून चालवण्याचा आजचा प्रकार तिथून आलेला आहे.

मग आल्या मोजमापाच्या परीक्षा. १९८९ ची चौदा कामांची, ५६ गुणांची यादी; १९९१ ची खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत बसण्याची, घड्याळ लावून घ्यायची परीक्षा. दोन्ही आम्ही रोज वापरतो आणि दोन्ही उपयोगी आहेत. पण त्या खुर्चीवर बसणाऱ्या समाजात तयार झाल्या. चौदापैकी एकाही कामात मांडी घालून बसणं आणि जमिनीवरून उठणं नाही, उकिडवं बसणं नाही, उंबरा नाही. तासगाव-कवठेमहांकाळकडून येणारी आजी परीक्षेत ५० च्या वर गुण मिळवते आणि घरी पाटावरून उठताना पडते. यात आजीची चूक नाही आणि परीक्षा घेणाऱ्याचीही नाही. तिचं रोजचं उठणं-बसणं त्या परीक्षेत आलेलंच नाही.

सेन्सरची गोष्ट वेगळ्याच वाटेनं आली. तोलाचं बारीक मोजमाप आधी जमिनीत बसवलेल्या जड पाट्यांवर व्हायचं. माणूस उभा राहिला की त्याचा भार पावलांखाली कुठं सरकतो ते पाटी सांगायची. महागडी वस्तू, प्रयोगशाळेबाहेर न निघणारी. १९९० च्या दशकात मोटारीच्या एअरबॅगसाठी सिलिकॉनचे चिमुकले वेगबदलमापक तयार होऊ लागले. आत कंगव्यासारखे दोन भाग असतात, एक पक्का, एक हलता. मोटारीला धक्का बसला की हलता भाग सरकतो, दोन्हींमधलं अंतर बदलतं आणि त्यासोबत विद्युतधारिता बदलते. त्यावरून धक्का केवढा ते कळतं. या भागाच्या जोडीला फिरण्याचा वेग सांगणारा जायरोस्कोप आला आणि दोन्ही स्वस्त होत गेले. २००६-०७ मध्ये वेगबदलमापक खेळाच्या यंत्रांत आणि मोबाईलमध्ये शिरला, जायरोस्कोप मोबाईलमध्ये त्यानंतर आला. आज पेशंटच्या खिशातल्या साध्या स्मार्टफोनमध्येही या दोहोंपैकी निदान वेगबदलमापक असतोच.

सेन्सर कमरेच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या खालच्या टोकाजवळ बांधतात, कारण उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण त्याच उंचीवर असतो. कंबर किती डोलते, किती झटक्यानं डोलते, हे तिथून चांगलं कळतं. अजून औषध सुरू न झालेल्या पार्किन्सनच्या पेशंटमध्येही हे झटके वेगळे दिसतात, असं २०११ च्या सुमारास दाखवलं गेलं. डोळ्यांना दिसायच्या आधी यंत्राला दिसतं, ही बाब मोठी आहे.

पण मोजणारं यंत्र शिकवणारं कधी झालं? २००५ च्या आसपास पाठीवरच्या सेन्सरला कानातल्या आवाजाची जोड देऊन पाहिली गेली. शरीर पुढं, मागं किंवा बाजूला झुकलं की आवाजाची पट्टी आणि जोर बदलायचा, आणि माणूस त्या आवाजाच्या आधारानं स्वतःला मध्यावर आणायचा. कुणी आवाजाऐवजी पट्ट्यात थरथर बसवली, कुणी पडद्यावर ठिपका. पाय अडकण्याचा क्षण पकडायलाही सेन्सर कामाला आला. अडकलेला पाय खरं तर स्थिर नसतो, तो बारीक थरथरत असतो. सेकंदाला ३ ते ८ वेळा होणारी ती थरथर चालण्याच्या संथ लयीपेक्षा वाढली की पाय अडकला, असं गणित २००८ मध्ये मांडलं गेलं. त्यानंतर पाय अडकताच कानात ठेका सुरू करणारी अंगावरची यंत्रं तयार झाली.

आता पुन्हा शब्दाकडे, कारण माझ्या मते या विषयातला खरा गुंता तिथं आहे. आपण 'तोल' एवढंच म्हणतो. अभ्यासक त्याचे निदान चार प्रकार करतात. एक, एका जागी शांत उभं राहतानाचा. दोन, चालतानाचा. तीन, आपणच काही करायच्या आधी शरीर स्वतःला सावरून घेतं तो. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात जाण्याआधी पोटऱ्या आवळतात, हे आपल्याला कळतही नाही. चार, बाहेरून धक्का बसला, पाय सटकला, म्हणजे सावरायचा तोल. पार्किन्सनमध्ये चौथा फार वाईट बिघडतो. म्हणून डॉक्टर पेशंटच्या मागं उभे राहून त्याचे खांदे एकदम मागं ओढतात आणि तो किती पावलांत सावरतो ते पाहतात.

सेन्सरच्या व्यायामांतले बरेचसे पहिल्या प्रकाराचे आहेत. उभं राहा, झुका, ठिपका वर्तुळात ठेवा. साहजिक आहे, कारण तेच मोजायला सोपं आणि तेच सुरक्षित. बहुतेक चाचण्या छोट्या गटांच्या आहेत, आणि त्यांत सगळ्यात ठळक सुधारणा दिसते ती उभं राहतानाचं डोलणं कमी होण्यात. धक्क्यानंतर सावरण्याबद्दलचा पुरावा तुटपुंजा आहे. तरी बातमीत येतं 'तोल सुधारला'. माणसं पडतात कुठं? न्हाणीच्या ओल्या फरशीवर, दाराशी वळताना, रात्री उठून मोरीकडे जाताना, कुणी हाक मारली म्हणून मान फिरवताना. पहिल्या प्रकारच्या तोलाचे गुण वाढले म्हणून या जागा सुरक्षित झाल्या असं मी कुणाच्याही मुलाला सांगणार नाही.

आणखी एक अडचण आहे. डोलणं कमी म्हणजे तोल चांगला, हे समीकरणही पार्किन्सनमध्ये सरळ नाही. ताठरलेला माणूस कमी डोलू शकतो. गोळीचा अंमल चढला, अंग सैल झालं की त्याचं डोलणं वाढल्याचंही अभ्यासात आढळलं आहे. म्हणजे अ‍ॅपवरचा आकडा खाली गेला याचा अर्थ माणूस सुधारला की आखडला, हे अ‍ॅप सांगत नाही. त्यासाठी गोळी किती वाजता घेतली ते विचारावं लागतं आणि समोरच्या माणसाच्या खांद्याला हात लावून पाहावं लागतं.

दुसरा शब्द 'न्यूरोडिजनरेटिव्ह'. मेंदूच्या पेशी हळूहळू झिजत जाणारे आजार. चाचण्यांची बेरीज करताना पार्किन्सन, अटॅक्सिया, अल्झायमर आणि कधी कधी मल्टिपल स्क्लेरॉसिस एकाच टोपलीत पडतात. मल्टिपल स्क्लेरॉसिसची सुरुवात शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं मज्जातंतूंच्या आवरणावर केलेल्या हल्ल्यातून होते, आणि त्याचे पेशंट बहुधा तरुण असतात, त्यांत बायका जास्त. अल्झायमरच्या पेशंटला 'ठिपका वर्तुळात ठेवा' ही सूचनाच अनेकदा धरून ठेवता येत नाही. अटॅक्सियाचा पेशंट पाय फाकवून, झोकांड्या खात चालतो, आणि गावात पिऊन आला म्हणून त्याची चेष्टा होते. त्याला ताठरपणाचा प्रश्न नसतो, लहान मेंदूच्या हिशेबाचा असतो. या सगळ्यांची सरासरी काढून निघालेला आकडा माझ्यासमोर बसलेल्या एका माणसाला कितपत लागू पडेल, याची मला दर वेळी शंका येते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस ही दोन नावं यादीत घातली. अटॅक्सियाचं नाव तिथं स्वतंत्रपणे नाही.

आवाज किती दिवस चालू ठेवायचा, हा वादही जुना आहे. शिकणाऱ्याला दर खेपेला चूक दाखवली तर तो दाखवणाऱ्यावरच विसंबतो, असं १९८४ पासून मांडलं जातं. युरोपात १५३ पार्किन्सन पेशंटना घरी तीन आठवडे ठेक्याच्या आधारानं चालवलं, त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. चाल सुधारली, पण सहा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा फायदा ओसरत चालला होता. काही जण म्हणतात, मग ठेका कायमचा ठेवा, चष्मा काढतो का आपण? मला हे अर्धं पटतं. अटॅक्सियाच्या तरुण पेशंटच्या कानातला आवाज मी लवकर कमी करते. पार्किन्सनमध्ये आतली लयच हरवत जाते, तिथं बाहेरचा ठेका ही काठी आहे आणि काठीची लाज नको. फक्त काठी द्यायची की शिकवायचं, हे पट्टा बांधायच्या आधी ठरलेलं असावं. आणि पट्ट्याला पैसे मोजण्याआधी हेही माहीत असावं की २०१२ मध्ये १९५ पार्किन्सन पेशंटच्या चाचणीत २४ आठवड्यांच्या ताई-चीनं, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी व्यायामानं, तोल सुधारला, आणि नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. त्या व्यायामात कुठलाच सेन्सर नव्हता.

तरीही आपल्या भागात सेन्सरची ओढ का, हे मला समजतं. मिरजेत मिशनचं हॉस्पिटल १८९४ मध्ये निघालं तेव्हापासून पेशंट लांबून येतात, बेळगाव-विजापूरकडून आजही येतात. जत किंवा आटपाडीहून आठवड्यातून तीनदा व्यायामाला येणं म्हणजे पोराची तीन दिवसांची मजुरी बुडणं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात रस्ते बंद झाले, लगेच २०२० चा लॉकडाऊन आला. माझे कितीतरी पेशंट त्या काळात एक पायरी खाली गेले आणि पुन्हा वर आले नाहीत. मार्च २०२० मध्ये डॉक्टरांसाठी दूरचिकित्सेचे नियम आले, २०२१ मध्ये फिजिओथेरपीसह इतर आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी केलेला व्यायाम मला इथं बसून दिसावा, ही माझी स्वतःचीही गरज आहे. पण फोन पडणाऱ्याला धरत नाही. घरी मागं उभं राहणारं माणूस असेल तरच मी पट्टा घरी देते.

काकांच्या घरी काकू उभ्या राहतात, हात न लावता, वीतभर अंतर ठेवून. कापडी पट्ट्यात फोन, न्हाणीच्या दाराशी लाल चिकटपट्टीच्या आडव्या तीन रेघा. आधी आवाज रोज असायचा, आता आठवड्यातून तीन दिवस. मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा फोन चार्जिंगला लावलेला होता आणि काका वळत होते. दर रेघेला तोंडानं मोजत होते, पेठेत पोती मोजताना मोजायचे तसंच. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. "लाभ. दोन. तीन." तिसऱ्याला पाऊल दाराबाहेर पडलं.