जुनी सूज: हवेचा पंप आणि घट्ट मोजा

‘रोज तासभर पंप लावतो, मग ते घट्ट मोजे सोडले तर चालतील ना?’ जुन्या सुजेच्या रुग्णाकडे मशीन आलं की हा प्रश्न येतोच. यायलाच हवा. मोजा चढवताना घाम फुटतो, दिवसभर तो पायाला जखडून असतो. पंप लावायचा म्हणजे पाय लांब करून निवांत पडायचं. शेवटी दोन्ही दाबच देतात, मग सोपं ते का करू नये?

तर, चालणार नाही. ज्यांना हिंडता-फिरता येतं अशा बहुतेकांच्या बाबतीत दोन्हींपैकी एकच ठेवायची वेळ आली, तर ठेवायचा तो मोजा. पंप वाईट आहे असं अजिबात नाही, योग्य माणसाला त्याचा मोठा आधार होतो. पण दोघांची कामं वेगळी आहेत, आणि ती का वेगळी आहेत हे कळलं की मोजा घालायचा कंटाळा थोडा तरी कमी होतो.

सूज म्हणजे पेशींच्या मधल्या जागेत साठलेलं पाणी. बारीक केशवाहिन्यांतून हे पाणी चोवीस तास झिरपत असतं, निरोगी माणसातसुद्धा. त्यातलं बहुतेक पाणी शिरांच्या बाजूने परत रक्तात शोषलं जातं आणि उरलेलं थोडंसं लसिकावाहिन्या, म्हणजे लिम्फच्या नळ्या, उचलतात असं पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. आता हे चित्र बदललंय. शरीराच्या बहुतेक भागांत झिरपलेलं जवळजवळ सगळं पाणी लसिकावाहिन्यांनाच परत न्यावं लागतं. म्हणजे सूज कशामुळेही येवो, शिरांच्या झडपा निकामी झाल्यामुळे, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या किंवा जांघेतल्या लिम्फच्या गाठी काढल्यामुळे, हत्तीरोगामुळे, हिशेब एकच: झिरपतं जास्त आणि उचललं जातं कमी. पंप साठलेलं पाणी उपसतो. मोजा बांध घालतो.

पंप प्रत्यक्षात काय करतो ते पाहू. पावलापासून मांडीपर्यंत कापडी स्लीव्ह चढवतात, चेन लावतात. तिच्या आत एकापुढे एक हवेचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र नळी. मशीन सुरू झालं की आधी पावलाचा कप्पा फुगतो. तो फुगलेलाच राहतो आणि घोट्याचा फुगू लागतो, मग पोटरीचा, गुडघ्याचा, मांडीचा. दाबाची लाट खालून वर सरकताना स्पष्ट जाणवते. वरपर्यंत पोचली की सगळे कप्पे एकदम सैल पडतात, थोडी विश्रांती, आणि पुन्हा पावलापासून सुरुवात. साध्या मशीनमध्ये एकच कप्पा असतो आणि सगळी स्लीव्ह एकदम आवळली जाते. अशा दाबाला दिशा नसते, पाणी वर सरकेल तसंच खालीही ढकललं जाईल. त्यामुळे सुजेसाठी क्रमाने फुगणारे अनेक कप्पेच हवेत.

लिम्फिडिमाच्या, म्हणजे लसिकावाहिन्या कमी पडल्याने येणाऱ्या सुजेच्या, उपचारांवर २००६ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीच्या मार्गदर्शकात या पंपासाठी साधारण ३० ते ६० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब आणि रोज अर्धा ते दोन तास असा वापर सुचवलेला आहे. म्हणजे दिवसाचे उरलेले बावीस-तेवीस तास पंपाचा पायाशी काही संबंध नाही. स्लीव्ह काढल्या क्षणी दाब शून्यावर येतो. माणूस उठून उभा राहतो आणि शांत उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरांतला दाब ८०-९० मिलिमीटरपर्यंत चढतो. निरोगी माणूस चालू लागला की पोटरीच्या स्नायूंच्या आकुंचनाने तो ३०च्या खाली उतरतो, पण झडपा बिघडलेल्या असल्या की तितका उतरत नाही. झिरपणं लगेच सुरू होतं. शिवाय पंपाने हलतं ते मुख्यतः पाणी, त्यातली प्रथिनं बरीचशी जागेवरच राहतात. आणि प्रथिनं पाणी ओढून धरतात. सकाळी उपसलेला पाय संध्याकाळी पुन्हा भरलेला दिसतो तो यामुळे, त्यात मशीनचा दोष नसतो.

मोज्याचं गणित उलटं आहे. भरून आलेल्या पायावर नुसता चढवला तर तो फारसं उपसत नाही. म्हणून तर माप सूज उतरल्यावर घ्यायचं असतं: सकाळी, किंवा बँडेजचे उपचार पूर्ण झाल्यावर. फुगलेल्या पायाच्या मापाचा मोजा घेतला की तो फुगलेला पायच जपतो. पण उतरलेल्या पायावर तो बाहेरून सतत दाब ठेवतो, त्यामुळे केशवाहिन्यांतून बाहेर पडणारं पाणीच घटतं. आणि माणूस चालायला लागला की खरं काम सुरू होतं. पोटरीचा स्नायू दर पावलाला फुगतो, बाहेर मोज्याची भिंत असते, दोघांमध्ये शिरा आणि लसिकावाहिन्या पिळल्या जातात. थोडक्यात, पंपात दाबाची लाट विजेवर तयार होते, मोज्यात ती तुमची पोटरी तयार करते, आणि तीही दिवसभर. म्हणूनच मोजा घालून खुर्चीत बसून राहणाऱ्याला त्याचा अर्धाच फायदा मिळतो.

आता आकड्यांचा गोंधळ. ‘पंप ५० देतो, मोजा ३० देतो, मग पंपच भारी नाही का?’ या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. पंपाचा दाब काही सेकंद येतो आणि जातो, म्हणून जास्त चालतो. मोज्याचा दाब कातडीला तासन्‌तास सोसावा लागतो. मशीनच्या पडद्यावर दिसतो तो मशीनने ठरवलेला दाब, कातडीवर पडणारा त्याहून वेगळा असू शकतो. मोज्यांच्या बाबतीत तर ‘क्लास २’ एवढंच ऐकून खरेदी करणं धोक्याचं आहे. जर्मन मानकानुसार क्लास २ म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटर, ब्रिटिश मानकानुसार १८ ते २४. एकाच नावाचे दोन मोजे, एक दुसऱ्याहून बराच घट्ट. क्लास बाजूला ठेवून डब्यावरचा मिलिमीटरचा आकडा वाचा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याशी पडताळा.

मोजा नकोसा होण्याचं कारण बहुतेक वेळा तो चढवण्याच्या पद्धतीत असतं, म्हणून याबद्दल जरा सविस्तर. वेळ सकाळची, अंथरुणातून पाय खाली सोडण्याआधीची. अंघोळ करून, थोडं फिरून मग घालू म्हटलं की तोवर पाय भरायला लागलेला असतो आणि झटापट दुप्पट होते. हातात रबरी हातमोजे घाला, घरकामाचे चालतात, त्यांनी कापड पकडीत येतं आणि नखं लागत नाहीत. मोज्यात हात घालून टाच चिमटीत धरा आणि तिथपर्यंतचा भाग उलटा बाहेर काढा, म्हणजे फक्त पावलाचा खिसा सरळ उरतो. त्यात पाऊल घाला, टाचेचा खिसा बरोबर टाचेवर आला की नाही ते बघा, आणि मगच उरलेला भाग तळहातांनी थोडाथोडा वर सरकवा. वरची कड धरून ओढू नका. कापड वर गोळा होतं आणि खाली घोट्यापाशी चुण्या पडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लांब होतोय म्हणून वरची कड कधीही दुमडू नका. दुमडलं की कापडाचे दोन थर होतात आणि त्या पट्ट्यात दाब साधारण दुपटीवर जातो. दाबाची उतरंड घोट्यापाशी जास्त आणि वर कमी अशी हवी, इथे वरच फास बसतो. संध्याकाळी मोजा काढल्यावर गुडघ्याखाली खोल लाल वळ आणि त्याच्या खाली सुजलेला पाय दिसला, तर ‘मोज्यानेच सूज वाढली’ असं वाटणं साहजिक आहे. तिथे मोजा सोडायचा नसतो, नीट मापाचा घ्यायचा असतो. जुना मोजाही तपासा. रोज वापरला तर सहाएक महिन्यांत त्याची ताकद उतरते. मोजा सहज चढू लागला, तर तो सुटलाय असं समजा.

आणखी एक गल्लत इतकी सर्रास होते की ती सोडून पुढे जाता येत नाही. रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर किंवा अर्धांगवायूच्या रुग्णाच्या पायाला जी फुगणारी स्लीव्ह लावतात, ती दिसायला याच पंपाची बहीण आहे, पण तिचं काम निराळं. ती काही सेकंद पोटरी आवळते, मग साधारण मिनिटभर सैल सोडते. हेतू एवढाच की पडून असलेल्या माणसाच्या शिरांत रक्त साचू नये आणि गुठळी होऊ नये. इथे मशीनने मोज्याला खरोखर मागे टाकलंय. अर्धांगवायू होऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांवर क्लॉट्स नावाच्या मोठ्या चाचण्या झाल्या. २००९च्या पहिल्या चाचणीत मांडीपर्यंतच्या मोज्यांनी गुठळ्यांचं प्रमाण जवळपास हललंच नाही, मोजे घातलेल्यांत १० टक्के आणि न घातलेल्यांत १०.५, उलट कातडीच्या जखमा वाढल्या. २०१३च्या तिसऱ्या चाचणीत, २,८७६ रुग्णांत, फुगणाऱ्या स्लीव्हने हे प्रमाण १२.१वरून ८.५ टक्क्यांवर आणलं. हे आकडे ऐकून कुणी ‘मशीन मोज्यापेक्षा सरस’ म्हणालं तर ते त्या रुग्णांपुरतं आणि गुठळी टाळण्यापुरतं खरं आहे. रुग्णालयातले पांढरे मोजेसुद्धा झोपून असलेल्या माणसासाठी, कमी दाबाचे बनवलेले असतात. घरी आल्यावर तेच घालून हिंडलं तर जुन्या सुजेवर ते पुरत नाहीत.

हिंडत्या-फिरत्या, जुनी सूज असलेल्या माणसासाठी मला जास्त मोलाची वाटते ती २०२०मध्ये प्रसिद्ध झालेली ऑस्ट्रेलियातली छोटी चाचणी. पायाला जुनी सूज आणि वारंवार सेल्युलायटिस, म्हणजे कातडीखालचा जंतुसंसर्ग, होणारे ८४ रुग्ण. निम्म्यांना रोज वापरायचे घट्ट मोजे किंवा तत्सम कॉम्प्रेशन दिलं, निम्म्यांना दिलं नाही. संसर्ग पुन्हा झाला तो कॉम्प्रेशनवाल्यांत १५ टक्क्यांना, बाकीच्यांत ४० टक्क्यांना. फरक इतका उघड होता की चाचणी वेळेआधी थांबवली. सुजेच्या रुग्णाला संसर्गाचा प्रत्येक झटका आणखी लसिकावाहिन्या निकामी करून जातो, म्हणून हा फायदा फक्त दिसण्यापुरता नाही.

मग पंप कुणाला? ज्यांची पोटरी कामच करत नाही त्यांना, म्हणजे व्हीलचेअरवर किंवा अंथरुणात असलेल्यांना. ज्यांचा पाय इतका मोठा झालाय की कुठलाच मोजा चढत नाही त्यांना. शिरांच्या दोषामुळे झालेली जखम नीट बांधलेल्या बँडेजनेही भरत नाही त्यांना. लिम्फिडिमात कातडीची काळजी, हाताने केलेला लसिकानिचरा (हलक्या मालिशने लिम्फ पुढे सरकवणं), बँडेज आणि व्यायाम हा उपचाराचा कणा असतो, त्याला जोड म्हणून फिजिओथेरपिस्ट पंप सुचवतात. पंप संपला की लगेच, पाय खाली सोडण्याआधी, मोजा किंवा बँडेज चढवायचं. हा क्रम पाळला तर दोन्ही एकमेकांना धरून चालतात. बोटांत ताकद नसेल आणि मोजा चढतच नसेल, तर वेल्क्रोच्या पट्ट्यांचं आवरण मिळतं, थेट पंपाकडे वळायची गरज नाही.

पंपाची एक अडचण मोज्यात सहसा येत नाही. स्लीव्ह जांघेत संपते आणि ढकललेलं पाणीही तिथेच येऊन थांबतं. जांघेतल्या किंवा ओटीपोटातल्या गाठी काढलेल्या असतील, तिथे रेडिएशन झालेलं असेल, तर पुढची वाट बंद असते. पंप वापरणाऱ्यांत जननेंद्रियाच्या भागाला सूज येण्याबद्दल १९९८मध्येच इशारा देणारा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हाताला पंप लावणाऱ्यांनी खांदा आणि छातीची बाजू पाहत राहावी, पायाला लावणाऱ्यांनी जांघ आणि खालचं पोट. संकोचाने हे डॉक्टरांना सांगितलं जात नाही आणि सूज घट्ट होऊन बसते. सुरुवातीलाच सांगितलं तर दाब कमी करणं, आधी धडाकडचा निचरा करणं, असे उपाय हातात असतात.

काही वेळा मात्र दोन्हींना हात लावायचा नाही. एकच पाय एक-दोन दिवसांत सुजला, पोटरी दुखतेय, तर आधी डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, कारण आत ताजी गुठळी असेल तर पंप ती हलवू शकतो. पाय लाल, गरम आणि अंगात ताप असेल तर आधी संसर्गावर उपचार. पावलाच्या धमन्यांत रक्तपुरवठा कमी असेल तर बाहेरचा दाब उरलासुरला पुरवठाही तोडतो. म्हणून मधुमेही, धूम्रपान करणारे आणि चालताना पोटरीत गोळे येणारे यांनी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढून घेतल्याशिवाय काहीच सुरू करू नये. पायाची संवेदना गेली असेल तर मोजा काचतोय हे कळतच नाही, जखम झाल्यावर दिसते. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत बघायला हवं आणि चालू औषधंही. अम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी काहींचे घोटे सुजवते, तिथे डॉक्टरांनी गोळी बदलली की काम होतं.

हृदय कमकुवत असणाऱ्यांनी पंपाबद्दल विशेष जपावं. पायातून वर ढकललेलं पाणी रक्तात मिसळतं आणि सगळं हृदयाकडेच येतं. दोन्ही पाय एकदम पंपात असताना धाप लागली, आडवं पडवेना, खोकला सुरू झाला, तर मशीन तिथल्या तिथे बंद करून उठून बसायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं.